दीड इंच

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सायंकाळी मी कार्यालयातील विवाहाची नोंदवही कपाटात ठेवीत होतो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दारात येऊन उभा राहिला. संगणकाच्या कसल्याशा कंपनीत नोकरी, वय पंचविशीच्या आतबाहेर, वाणी नम्र. हातात एक जड गोणपाटाची पिशवी.

"फादर, शाळेमागची शेड तीन-चार दिवस मिळेल का? गाडीचं थोडं काम आहे."

पिशवीत काय आहे, असे मी विचारताच त्याने एक लालभडक स्प्रिंग बाहेर काढून माझ्या टेबलावर उभी केली. अशा चार होत्या. त्या बसवल्या की गाडी दीड इंच खाली बसते, असे त्याने मला सांगितले. खाली कशासाठी, हा माझा पुढचा प्रश्न. "दिसायला छान दिसते, फादर. आणि वळणावर कलत नाही."

त्याचे दुसरे कारण खरे आहे. या स्प्रिंगा मूळच्या स्प्रिंगांपेक्षा आखूड असतात, पण अधिक कडकही असतात. गाडीचा भार जमिनीच्या जवळ येतो आणि वेगात वळताना ती एका अंगावर झुकत नाही. पहिल्या कारणाविषयी मी काय बोलावे? त्याच्या आजोबांच्या बैलगाडीला स्प्रिंग नावाची वस्तूच नव्हती, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून वाट काढणाऱ्या आम्हा वसईकरांची इच्छा गाडी दीड इंच वर उचलली जावी, अशीच असायची. परंतु तारुण्याच्या आवडीनिवडींवर प्रवचन द्यायचे नाही, एवढे शहाणपण या वयात मला आले आहे. त्याने त्या स्प्रिंगांसाठी २२,००० रुपये मोजले होते. स्वतःच्या कमाईचे.

खरा मुद्दा वेगळाच होता. चारही स्प्रिंगा बसवायला बाजारातील एका गॅरेजवाल्याने ४,५०० रुपये मजुरी सांगितली होती, आणि ती त्याला मान्य नव्हती. "नुसते नट-बोल्ट खोलायचे आणि लावायचे, त्याचे साडेचार हजार! मी सगळ्या चित्रफिती पाहिल्यात, फादर. पाने आहेत, जॅक आहे. आणि धाकटा भाऊ आहे मदतीला. अकरावीत आहे, पण हाताला हुशार आहे."

धाकटा भाऊ मदतीला आहे, हे शब्द ऐकले आणि मी त्याला बसायला सांगितले.

सन १९९६. गुरुदीक्षा होऊन मला वर्षही झाले नव्हते. डहाणू तालुक्यातील एका मिशन केंद्रात माझी नेमणूक होती. आज तो पालघर जिल्हा आहे, तेव्हा ठाणे जिल्हा होता. केंद्राकडे एक मारुती ओम्नी होती. आजारी माणसे, तांदळाची पोती, वसतिगृहातील मुले, सारे तिच्यातूनच जात. रस्ते असे, की दर वर्षी काहीतरी मोडायचेच. त्या वर्षी पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग खालच्या वेढ्यापाशी तुटली. मेस्त्रीने बसवण्याचे ३५० रुपये सांगितले. मी मनाशी म्हटले, हे पैसे मिशनचे आहेत, ते वाचवले पाहिजेत. आज प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात काटकसर थोडी आणि अहंकार अधिक होता. लहानपणी मामांच्या वर्कशॉपमध्ये माझ्या सुट्ट्या गेल्या होत्या. झगा घालणारा हा तरुण धर्मगुरू हातात पानाही धरू शकतो, हे मला चार लोकांना दाखवायचे होते.

ज्यांना या यंत्राची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांमागे एक उभा दांडा असतो. त्यात धक्के शोषणारी नळी, जिला गॅरेजमध्ये 'शॉकअप' म्हणतात, आणि तिच्याभोवती गुंडाळल्यासारखी बसलेली स्प्रिंग असते. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. सन १९५० मध्ये इंग्लंडमधील फोर्डच्या गाड्यांत ती आली आणि स्वस्त, सुटसुटीत म्हणून जगभर पसरली. तिच्यात गोम एकच आहे. दांड्याच्या माथ्यावर एक तबकडी आणि तबकडीवर एकच मोठा नट असतो. स्प्रिंग सदैव दाबलेली असते आणि तिला त्या एका नटाने अडवून धरलेले असते. म्हणून स्प्रिंग आधी दुसऱ्या एखाद्या साधनाने आवळून घेतल्याशिवाय त्या नटाला कुणी हात लावायचा नसतो.

माझ्याकडे ते साधन नव्हते. एका ट्रकचालकाने युक्ती सांगितली होती. नवी स्प्रिंग ट्रॅक्टरच्या भरलेल्या ट्रॉलीखाली उभी करून जॅकने दाबायची, दाबलेली असतानाच तिला जाड तारेचे तीन वेढे बांधायचे, मग बाहेर काढून दांड्यावर चढवायची आणि नट लावायचा. मी तसे केले. स्प्रिंग धरायला वसतिगृहातील नववीतल्या एका मुलाला बोलावले. 'बोलावले' हा शब्द मी जपून वापरतो आहे. येतोस का, असे मी त्याला विचारले नव्हते. मी फादर होतो आणि तो वसतिगृहात राहत होता. तो येणारच होता.

नटाने दोन आटे पकडले होते, तेवढ्यात एक तार तुटली. उरलेल्या दोन तिच्यामागोमाग. मला आवाज आठवतो, तबकडी उडून भिंतीवर आदळलेली आठवते, आणि तो मुलगा ओरडला नाही, हेही आठवते. आपल्या उजव्या हाताकडे तो नुसता पाहत राहिला होता. तर्जनीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. दवाखान्यात ते बसवले, पण बोट पुन्हा वाकले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पाड्यावरून चालत आले. त्यांच्यासमोर काय बोलायचे, याची मी रात्रभर जुळवाजुळव केली होती. त्यांनी मला काही बोलूच दिले नाही. त्यांनी विचारले, "फादर, तुमच्या हाताला काही लागलं नाही ना?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, तर बरे झाले असते.

तो मुलगा पुढे शिकला, नोकरीला लागला. २००५ साली त्याचे लग्न मीच लावले. नोंदवहीत सही करताना त्याने पेन अंगठा आणि मधले बोट यांच्यामध्ये धरले होते. तर्जनी सरळ, समोर रोखल्यासारखी. त्या बोटाचा रोख माझ्याकडे नव्हता. मला मात्र तसे वाटले.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. तो गप्प होता. मग म्हणाला, "पण फादर, माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे. तारा नाही बांधणार मी." हे त्याचे बरोबर होते. दोन लांब आट्यांचे दांडे आणि त्यांना आकडे, असे ते साधन त्याने १,४०० रुपयांना आणले होते. स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना आकडे अडकवायचे आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवायचे. एक बाजू पुढे गेली, की स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते आणि आकडा निसटू शकतो. ते आकडे मी हातात घेऊन पाहिले. त्यांचे पोलाद मला फारसे आवडले नाही.

मग मी कागद घेतला. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. कुणी चोरू नये म्हणून १६७६ साली त्याने तो लॅटिन अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ साली कोडे उलगडून दाखवले. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीची नेहमीच गंमत वाटत आली आहे. अर्थ साधा आहे. जेवढा ताण, तेवढा जोर. एक मिलिमीटर दाबायला दोन किलो भार लागत असेल अशी स्प्रिंग धरली आणि ती दीडशे मिलिमीटर दाबली, तर ती तीनशे किलोंच्या जोराने सुटायची वाट पाहत असते. तिच्यात साठलेली शक्ती म्हणजे दहा किलो तांदळाची पिशवी साडेसात फुटांवरून खाली सोडावी तेवढी. "ही पिशवी तुझ्या भावाच्या हातावर सोडशील का?" मी विचारले.

प्रश्न थोडा नाटकी होता, हे मान्य करतो. आम्हा धर्मगुरूंना ती खोड असते.

आणखी एक गोष्ट मी त्याच्यापुढे ठेवली, ती कायद्याची. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल यांचा रोख स्पष्ट आहे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. हे त्याच्या मनाला लागले नाही. सगळेच करतात, म्हणाला. त्याच क्षणी मी शेड नाकारायला हवी होती, असे काही वाचक म्हणतील आणि त्यांना उत्तर देणे मला जड जाईल. पण मला दिसत होते ते असे, की मी नाही म्हटले तर हा मुलगा आपल्या वाडीत, मातीच्या भुसभुशीत जमिनीवर, नुसत्या जॅकच्या आधारावर गाडी उचलील आणि धाकट्याला स्प्रिंग धरायला सांगील. शेडमध्ये निदान सिमेंटची जमीन होती आणि मी होतो. मी होकार दिला, पण दोन अटी घातल्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. आणि पुढचे दांडे त्याने काढावेत, पण त्यांवरची स्प्रिंग त्याने बदलायची नाही. ते काम चाचांचे.

चाचांचे गॅरेज महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. चाळीस वर्षे ते हेच काम करीत आहेत. आपण पालक मंडळी डॉक्टरांच्या फीबद्दल चकार शब्द काढत नाही, पण मेस्त्रीने आकडा सांगितला की अर्ध्यावर आणायला बसतो. या सवयीचा मला अलीकडे राग येऊ लागला आहे. तरुणाने साडेचार हजारांची कैफियत चाचांपुढेही मांडलीच. चाचा हसले. "स्प्रिंग बसवायचे पैसे कोण घेतो? गंजलेला बोल्ट आत तुटला, तर रात्री बसून तो काढावा लागतो. पैसे त्याचे असतात. तुटला नाही तर माझं नशीब, तुटला तर तुझं." त्यांच्याकडे भिंतीला पक्का जडवलेला प्रेस होता. जाड जबडे, मधोमध मोठा स्क्रू. बाजूला जाळी. दोन दांड्यांच्या स्प्रिंगा बदलायचे त्यांनी ६०० रुपये सांगितले. तरुणाने तोंड उघडले, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले. त्याने ते मिटले.

पहिला दिवस सुरळीत गेला. चाके उतरवली, ब्रेकची नळी दांड्यापासून सोडवली, खालचे दोन बोल्ट काढले. काढण्यापूर्वी त्याने त्यांच्या जागेवर रंगाच्या खुणा केल्या, हे पाहून मला बरे वाटले. दांडे स्कूटरवरून चाचांकडे गेले आणि दुपारपर्यंत लाल स्प्रिंगा लेवून परत आले. धाकट्याला कंदील धरण्याचे काम होते. कंदील म्हणजे आता बॅटरीचा दिवा, पण जुना शब्द माझ्या तोंडून जात नाही.

दुसरा दिवस मागच्या चाकांचा. वस्तुतः ते सोपे. या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असतात. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून आस जपून खाली सोडला, की स्प्रिंग हाताने निघते. दाबावी लागत नाही. पण आमचे गाव समुद्राकाठचे. खाऱ्या हवेने उजवा बोल्ट आतल्या नळीशी एकजीव करून टाकला होता. तेल सोडले, ठोकले, पान्याला लोखंडी नळी लावून दोघे भाऊ लोंबकळले. दुपारचे चार वाजले, सहा वाजले. अंधारात त्या तरुणाच्या चेहऱ्यावर मला माझा १९९६ चा चेहरा दिसू लागला. आता मागे फिरायचे नाही, असे ठरवलेल्या माणसाचा. तो मोठा हातोडा शोधू लागला.

मी चाचांना फोन केला.

ते रात्री साडेआठला गॅसची बत्ती घेऊन आले. रबराला झळ लागू नये म्हणून ओले फडके गुंडाळले, बोल्टाचा माथा लाल होईतो तापवला, मग एकदाच, फार जोर न लावता, पाना फिरवला. वीस मिनिटांचे काम. ५०० रुपये. तरुणाने ते दोन्ही हातांनी दिले. जाताना चाचांनी आपणहून त्याला एक गोष्ट शिकवली. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत लटकत असताना पक्के आवळायचे नाहीत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचा भार बसल्यावरच शेवटचा पीळ द्यायचा. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. ही गोष्ट त्याने पाहिलेल्या एकाही चित्रफितीत नव्हती, असे तो मला नंतर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी चाकांची अलाइनमेंट. ती घरी होण्यासारखी नव्हती. गाडी खाली बसली की पुढच्या चाकांचा कोन बदलतो, आणि तो तसाच ठेवला तर टायर आतल्या कडेने झिजत जातात. तिथेही पैसे गेले. स्टँड, कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच, चाचा, अलाइनमेंट असा सारा हिशेब त्याने प्रामाणिकपणे मांडून दाखवला. वाचवायला निघालेले साडेचार हजार कधीच ओलांडून गेले होते. पण तो दुःखी नव्हता. गाडीखाली काय आहे ते आता मला माहीत आहे, म्हणाला. त्याचे हे म्हणणे मी कमी लेखीत नाही. आपण ज्याच्यावर बसून रोज प्रवास करतो, ते एकदा स्वतःच्या हातांनी उलगडून पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. हातांच्या कामाला आपल्या समाजात अजून दुय्यम मानतात. पदवीधर मुलाने काळे हात घेऊन घरी जावे, हे मला आवडलेच.

आणि गाडी खरोखर सुंदर दिसत होती. मी ते कबूल केले.

पुढचे मात्र रस्त्यांनी ठरवले. गतिरोधक कसा असावा याचे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने आखून दिले आहे. उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे चाकाने तो हळुवार चढून उतरावा. आमच्या गल्लीतील गतिरोधक ज्यांनी बांधले, त्यांनी हे मानक पाहिले असावे असे वाटत नाही. मूळ गाडीच्या पोटाखाली १७० मिलिमीटर मोकळी जागा होती. त्यातून दीड इंच गेला. घरची पाच माणसे बसली की आणखी थोडा. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला सारे कुटुंब येत असताना त्या गाडीच्या घासण्याचा आवाज मला मंदिराच्या पायऱ्यांवर ऐकू आला. त्याच्या आजीला तर गाडीत बसणे आणि उठणे, दोन्ही जड जाऊ लागले. गुडघ्यांना दीड इंच म्हणजे फार. तिने तक्रार केली नाही. ती नुसती पायी येऊ लागली. ते मात्र त्याच्या लक्षात आले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा दारात उभा होता. तीच गोणपाटाची पिशवी. आत मूळच्या चार काळ्या स्प्रिंगा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवलेल्या. पाऊस यायच्या आत त्या परत चढवायच्या होत्या. विम्याचे नूतनीकरणही जवळ आले होते. "फादर, शेड मिळेल का?" मी किल्ली दिली. या वेळी अट घालावी लागली नाही. दांडे काढून तो स्वतःच चाचांकडे निघाला. मीही त्याच्याबरोबर गेलो.

चाचांनी पहिला दांडा प्रेसमध्ये चढवला, जबडे बसवले, आणि स्क्रूचा दांडा त्या तरुणाच्या हातात दिला. तो उत्साहाने पुढे सरसावला आणि स्प्रिंगच्या अगदी समोर उभा राहिला. चाचांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केले.

"इथे उभा राहा. समोर नाही. आणि हळू फिरव."

धाकटा भाऊ जाळीच्या पलीकडे होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.